मुका चुडा

महालक्ष्म्या जेवतात त्या दुपारी वरवट बकालमध्ये डॉक्टर शैलजाबाईंचा दवाखाना बंद असतो, आणि बंद का, हे कुणी विचारत नाही. बाई कुणाच्या तरी घरी पाटावर बसलेल्या असतात आणि त्यांनी हात आडवा धरला तरी पानात तिसरी पुरणपोळी पडत असते. महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी; गावात त्या बसवणारी घरं उदंड, आणि प्रत्येक घराला वाटतं की डाक्टरीणबाईंनी आपल्याकडेच जेवावं. एका वर्षी त्यांनी कुणाचं मन मोडायला नको म्हणून एकाच दुपारी तीन घरं केली, आणि संध्याकाळी आपल्याच कपाटातली अपचनाची गोळी शोधत बसल्या. तेव्हापासून त्यांनी पाळी लावली. आता पाळी चुकली तर वर्षभर अबोला धरणाऱ्या बायका आहेत हो या गावात, थट्टा नाही!

बाईंची एक वर्गमैत्रीण पुण्यात मोठी डॉक्टर आहे. दर दिवाळीला फोन करते आणि एकदा तरी विचारतेच, "शैला, इतकी वर्षं झाली, तुला त्या गावात मिळतं तरी काय गं?" शैलजाबाई सांगतात, "पुरणपोळी. वर तूप." ती हसते, या हसतात, विषय मिटतो. पण फोन ठेवल्यावर बाईंना स्वतःचाच राग येतो. खरं उत्तर त्यांना ठाऊक असतं, फक्त ते फोनवर सांगण्यासारखं नसतं. ते सांगायचं तर आधी गोजरबाई सांगावी लागेल, आणि गोजरबाई काही दोन वाक्यांत आटपणारी बाई नव्हे.

गोजरबाई म्हणजे पुंजाजींची बायको. घरची कपाशी, तुरीचा पट्टा, दारात दोन म्हशी, आणि आवाज असा की ती अंगणात बोलली तर गल्लीच्या तोंडावरचं कुत्रं उठून उभं राहतं. तिला रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे महिन्याला दवाखान्यात फेरी ठरलेली. आता दंडाला पट्टा बांधला की माणसानं गप्प बसायचं असतं, नाही तर मशीन भलताच आकडा दाखवतं. गोजरबाईला नेमका तेव्हाच कंठ फुटायचा. शैलजाबाईंनी पहिल्या वर्षी रागावून पाहिलं, दुसऱ्या वर्षी हात जोडून पाहिलं, आणि मग शहाण्या झाल्या. त्यांनी रीतच पाडली की आधी पेशंटला मनातलं सगळं बोलून घेऊ द्यायचं, मग पट्टा बांधायचा. बाहेरच्या बाकावरचे लोक कुरकुरायचे, "आत काय कीर्तन चालू हाय काय बे?" पण आपली पाळी आली की तेही तेवढंच लांबवायचे.

या कीर्तनातच एकदा गोजरबाईनं गीताचं सांगितलं होतं. गीता तिची मोठी बहीण, पहिलटकरीण. दिवस भरत आले होते. दोन दिवस डोकं धरून बसली होती, डोळ्यांपुढं काजवे दिसतात म्हणत होती. मग एकाएकी तिला झटके सुरू झाले, तोंडाला फेस आला. घरचे म्हणाले बाहेरची बाधा. भगत आणला, लिंबू कापलं, धूर केला. गीताही गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं.

"डाक्टरीणबाई, हातातला हिरवा चुडा तसाच होता व तिच्या," गोजरबाई म्हणाली होती. "म्या तवा परकर नेसत होतो. मले अजून तो चुडा दिसते."

शैलजाबाईंना तेव्हाच समजलं होतं की गीताला काय झालं होतं. पण इतक्या जुन्या दुःखाला आता नाव देऊन करायचं काय? त्या तिचा हात जरा वेळ धरून बसल्या आणि मग पट्टा बांधला. त्या दिवशी गोजरबाईचा आकडा कधी नव्हे इतका चांगला आला.

मागच्या थंडीत गोजरबाईच्या दीपकचं लग्न झालं. सून राखी, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची. बोलायला गोड, अंगानं अगदी काडी. लगोलग दिवस राहिले, आणि श्रावणाच्या तोंडावर सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. शैलजाबाई होत्याच. कोकिळा कासारीण चुडा भरायला बसली आणि वैतागून गेली. पेटीतलं सगळ्यात लहान माप काढलं तरी बांगड्या राखीच्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत जायच्या.

"माय व, हा हात हाय का शेवग्याची शेंग!" कोकिळा म्हणाली. "इनं केसाले हात लावला तं बांगड्या खांद्यावर जाऊन बसतीन."

सगळ्या हसल्या. राखीही हसली, आणि हसताना तिचा चुडा असा खळखळला की तिनंच लाजून हात पदराखाली घेतला. शैलजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भर बायकांत गोजरबाईला बजावलं, "पोरगी भरली पाहिजे. नीट खाऊ घाला तिला. आणि तपासणी चुकवू नका." या तीन गोष्टींतल्या पहिल्या दोन गोजरबाईनं पदराला गाठ मारून ठेवल्या. तिसरी वाटेत कुठं गळून पडली ते मात्र कुणालाच कळलं नाही.

तसा दोष कुणा एकाचा नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. म्हणून डोहाळजेवण झालं आणि राखी सुलतानपूरला गेली. तिथं तिची आई आशाबाई म्हणायची, "तिची डॉक्टरीण तिकडं हाय, लई चांगली हाय, तिनं समदं तपासलंय." इकडं गोजरबाई म्हणायची, "माहेरी गेली म्हंजे माय तपासणी करतच असन ना!" आई डिंकाचे लाडू करायची, सासू फोनवरून तूप किती घालायचं ते सांगायची. दोघींची माया खरी, पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. एवढ्या दिवसांत राखीच्या दंडाला पट्टा म्हणून कुणी बांधला नाही.

मग भाद्रपद आला. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या, सून घरात पाहिजे, म्हणून दीपक जाऊन राखीला घेऊन आला.

आणि यंदा पाळी गोजरबाईच्या घरची होती.

शैलजाबाई दुपारी पोचल्या तेव्हा ओसरीवर पाट मांडून झाले होते. आतल्या खोलीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी नव्या लुगड्यांत, नथी घालून, झेंडूच्या माळांआड उभ्या होत्या. पुरणाचे दिवे ओवाळून झाले होते, नैवेद्य दाखवून झाला होता. पंगतीत सोळा भाज्यांची मिसळ, आंबील, कढी, वडे, आणि गोजरबाईचा आवाज, तोही वाढलेलाच.

"बसा डाक्टरीणबाई, अठी बसा, मधी!" ती म्हणाली. "आज हात आडवा धराचा नाही, सांगून ठेवतो."

"राखी कुठाय? आली ना?"

"हाव तं! तूप वाढाले सांगतलं तिले. वजनाचं काईच उचलू देत नाही म्या. अन् पाहाच तुमी आता तिले. तुमी म्हनलं होतं ना, पोरगी भरली पाह्यजे? अशी भरली, अशी भरली, का कोकिळेनं पाहून तोंडात बोट घालाव!"

शैलजाबाईंना बरं वाटलं. त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला. पंगतीच्या वरच्या टोकाकडून तूप येत होतं. बायकांची बडबड चालली होती, कुणाची तरी मुलगी नर्सिंगला लागली होती, कुणाची म्हैस व्यायली होती. बाई मान खाली घालून जेवत होत्या. एक हात पुढं आला, पोळीवर तुपाची धार पडली, हात पुढच्या पानाकडे गेला.

बाईंनी घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या. काहीतरी राहिलं होतं. मीठ नव्हे, लिंबू नव्हे. पानात सगळं जिथल्या तिथं होतं. मग काय राहिलं? दोन पानं पलीकडे पुन्हा धार पडली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आवाज राहिला होता. हिरवा चुडा भरलेला हात तूप वाढत होता आणि बांगड्या वाजत नव्हत्या.

त्यांनी वर पाहिलं. राखीच होती, पण चटकन ओळखू येऊ नये अशी. तोंड गोल झालेलं, पापण्या जड. बाईंनी खरकट्या हाताची पर्वा न करता डाव्या हातानं तिचं मनगट पकडून जवळ ओढलं. बरणीच्या तोंडाला दोरा आवळून बांधावा तशा बांगड्या मांसात रुतल्या होत्या. त्यांनी अंगठ्यानं दाबलं. अंगठा काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला.

"राखी, डोकं दुखतंय?"

राखीनं आधी सासूकडे पाहिलं. "कालपासून दुखायलंय मॅडम. सणाचं म्हणून बोलले नाही."

"डोळ्यांपुढे काही दिसतं?"

"काजव्यासारखं चमकायलंय. अन् इथं दुखतंय, छातीच्या खाली."

शैलजाबाई पानावरून उठल्या.

ओसरीवर सगळ्यांचे हात पानातच थांबले. भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, ते वऱ्हाडात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आणि तेही महालक्ष्म्यांच्या पंगतीतून! गोजरबाईच्या हातातला आंबिलीचा पळा तसाच राहिला.

"डाक्टरीणबाई! काय चुकलं आमचं?"

"तुमचं काही चुकलं नाही. दीपक, माझ्या गाडीतलं मशीन आण. पळ."

दीपक पळाला. बाईंनी राखीला भिंतीशी टेकवून बसवलं, हात धुतला, पट्टा बांधला. कधी नव्हे ते गोजरबाई गप्प होती. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे, खालचा एकशे दहाच्या पुढे. बाईंनी जरा थांबून पुन्हा मोजला. तोच.

त्यांनी पट्टा सोडून गुंडाळून ठेवला. कुणी काही म्हणो, डॉक्टरलाही भीती वाटतेच, फक्त ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नसते. कोणत्याही घटकेला झटके येऊ शकत होते. एकदा ते सुरू झाले की मग इथल्या ओसरीवर काहीच हातात राहणार नव्हतं, ना पोरगी ना लेकरू.

"हिला आत्ताच्या आत्ता खामगावला मोठ्या दवाखान्यात न्यायचं," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर."

"आत्ता?" गोजरबाईनं पळा खाली ठेवला. "आत्ता कसं व? लक्ष्म्या बसल्या घरात. आमच्या घरची रीत हाय, लक्ष्म्या उठल्याबिगर घरची सून उंबरा वलांडत नाही. माह्या सासूनं नाही वलांडला, म्या नाही वलांडला. उद्या इसर्जन झालं का पयले तिलेच नेतो."

"उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

"पोटुशीचं डोकं दुखतेच डाक्टरीणबाई! अन् सुजली कोठी? भरली हाय ते! तुमीच तं म्हनलं होतं भरली पाह्यजे म्हनून!"

पंगतीतल्या दोघीतिघींनी माना हलवल्या. एक म्हणाली, दृष्ट लागली असेल, मीठमोहरी ओवाळा. दुसरी म्हणाली, बाम लावून निजवा घटकाभर. दीपक आईकडे पाहत होता आणि बाईंकडे पाहत होता, आणि लग्नाला वर्ष न झालेला मुलगा अशा वेळी जितका कामाचा असतो तितकाच होता.

शैलजाबाईंना राग आला. आपल्यावरच जास्त आला. भरली पाहिजे, हे आपण एवढ्या मोठ्यानं सांगितलं, मग सूज म्हणजे भरणं नव्हे, हे का नाही सांगितलं? पण रागानं गोजरबाई हलणारी नव्हती, उलट हटून बसणारी होती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! त्या तिच्या अगदी जवळ गेल्या. पंगतीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"गोजरबाई, तुमच्या गीताचं डोकं किती दिवस दुखत होतं?"

गोजरबाईचा चेहरा उतरला.

"तिच्या डोळ्यांपुढे काय दिसायचं, ते तुम्हीच मला सांगितलंत."

"काजवे," गोजरबाई म्हणाली. आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"गीताला बाधा नव्हती झाली हो. बाहेरचं काही नव्हतं. तिला हेच झालं होतं, जे आज राखीला झालंय. तेव्हा कुणाला कळलं नाही, म्हणून ती गेली. आज आपल्याला कळलंय."

गोजरबाई भिंतीला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांचं भूत एका वाक्यात उतरलं, आणि ते उतरताना माणसाला किती हलवतं ते बाईंना समोर दिसत होतं. तिनं एकदा आत महालक्ष्म्यांकडे पाहिलं, एकदा राखीकडे.

तेवढ्यात खाटेवरून पुंजाजी उठले. या माणसाचा आवाज गावानं दोन-चारदाच ऐकला असेल, कारण घरात एकच आवाज पुरेसा होता. ते म्हणाले, "या दोघींले मी पाह्यतो. तुमी तिसरीले घेऊन जा."

बस्स. गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि तिचा आवाज परत आला. "दीपक! उभा काय राह्यला बे खांबासारखा? गाडी लाव दाराशी! चाल व माय राखी, उठ. मले धर. हां, अशी." आणि जिनं सून उंबरा ओलांडणार नाही म्हणून सांगितलं होतं, तिनंच सुनेच्या कमरेला हात घालून तिला उंबऱ्याबाहेर नेलं. मागं वळूनही पाहिलं नाही.

दवाखाना दोन गल्ल्या पुढं होता. तिथं गाडी थांबवून बाईंनी राखीला रक्तदाबाची गोळी दिली, झटके येऊ नयेत म्हणून द्यायची इंजेक्शनं दिली, आणि एकीकडे खामगावला फोन लावून सगळं सांगितलं, म्हणजे तिथं पोचल्यावर कागद काढण्यात वेळ जायला नको. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती, तिची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. दीपकनं बाईंचीच गाडी हाकली. मागं मधोमध राखी, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गोजरबाई. आणि गोजरबाईच्या हातात तुपाची वाटी! सुनेच्या हातातून घेतली ती खाली ठेवायचं भानच राहिलं नव्हतं.

रस्त्यात राखीच्या बोटांचा रंग बाईंना आवडला नाही. "बांगड्या काढायला हव्यात," त्या म्हणाल्या. "तिथं सलाइन लावतील, सूज अजून वाढेल. मग कापाव्या लागतील."

राखी घाबरली. "नको मॅडम. ओटीचा चुडा हाय. बाळ व्हायच्या आधी काढत नसतात. अपशकुन होतो म्हणतात."

शैलजाबाई समजावायला तोंड उघडणार, तोच गोजरबाईनं तुपात बोटं बुडवली. काही न बोलता तिनं सुनेचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि तूप चोळायला लागली. हळूहळू, गोल गोल. एक बांगडी निघाली. दुसरी निघाली. बाकीच्या काही केल्या हलेनात. तेव्हा तिनं पदराचा घोळ मनगटाभोवती गुंडाळला, आणि आतल्या आत, काच लागू न देता, एकेक बांगडी दोन बोटांत दाबून वाढवली. कट्, कट् असा बारीक आवाज येत राहिला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू नोको," गोजरबाई म्हणाली. तीही रडतच होती. "चुडा राहून माही गीता कोठी राह्यली? चुडा गेला तं जाऊ दे. तू राह्य. तुले सोन्याच्या भरतो म्या. सोन्याच्या नाही तं लाखेच्या. तू फक्त राह्य."

शैलजाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शेतात कपाशी कमरेला आली होती, आणि त्यांना ती नीट दिसत नव्हती.

खामगावात त्यांच्यासाठी माणसं तयार उभी होती. पुढचं सगळं भराभर झालं. रक्तदाब आटोक्यात आणला, आणि ज्या क्षणी डॉक्टरांना वाटलं की आता थांबणं धोक्याचं, त्या क्षणी त्यांनी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. एवढीशी, पण बाहेर येताच तिनं जो आवाज लावला तो ऐकून दारातली गोजरबाई म्हणाली, "माहीच नात हाय!" झटका काही आला नाही. राखी शुद्धीवर होती, पाणी मागत होती.

घरी पुंजाजींना फोन लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे गेली एक अन् येतीन दोघी?" मग म्हणाले, "बरं झालं. अठी पंगत आटोपली. डाक्टरीणबाईचं पान झाकून ठेवलं हाय."

नातीला काचेच्या पेटीत बरेच दिवस राहावं लागलं. शैलजाबाई आठवड्याला जाऊन यायच्या. जायची गरज होती असं नाही, तिथले डॉक्टर हुशार होते. पण पेटीच्या भोकातून हात घालून त्या चिमुकल्या तळव्याला बोट द्यायचं आणि तिनं ते पकडायचं, एवढ्यासाठी माणूस तेवढा रस्ता तुडवू शकतो. एका फेरीत आशाबाई भेटली. सुलतानपूरहून आलेली ती माउली बाईंच्या पायाच पडायला लागली. बाईंनी तिला वरच्या वर धरलं आणि रागावल्या, "पाया नका पडू. पुढच्या वेळी दोन्ही घरांनी तपासा. दोनदा झाली तरी चालेल, एकदाही नाही असं नको."

दसऱ्याच्या सुमाराला मायलेकी घरी आल्या. आणि मग गावात जे सुरू झालं, ते शैलजाबाईंनी कधी योजलं नव्हतं.

गोजरबाईनं ही हकीकत सांगायला घेतली. विहिरीवर, गिरणीत, बाजारात, बारशाच्या घरी. प्रत्येक वेळी ती थोडी लांबायची, बाई पानावरून उठल्या तिथं ती थांबून पदर सावरायची, आणि शेवटी दटावून सांगायची, "चुडा मुका झाला का समजा, काईतरी बिघडलं. भरली-बिरली काई नसते ते!" पंधरा दिवसांत दवाखान्यात येणारी प्रत्येक गरोदर बाई दारातूनच हात वर करून बांगड्या वाजवायला लागली. "वाजते ना, मॅडम?" आत कुणाच्या घशात टॉर्च धरून बसलेल्या शैलजाबाई मान वर न करता ओरडायच्या, "वाजतोय! तरी बस. नुसतं वाजून भागत नाही, पट्टा बांधायचाच!" त्यांचे नवरे भालचंद्र सर शाळेतून येताना डोकावायचे आणि म्हणायचे, "दवाखाना आहे की कासाराचं दुकान?" कोकिळा कासारीण तर शहाणी. ती आता चुडा भरताना प्रत्येकीला बजावते, "घट्ट झाल्या तं माह्याकडं येऊ नोको, आधी डाक्टरीणबाईकडं जाय."

बाईंना हे सगळं आवडतं, उगाच नाही कशाला म्हणा? इतकी वर्षं भिंतीवर तक्ते लावून, भाषणं देऊन जे गावाच्या कानात शिरलं नव्हतं, ते एका न आलेल्या आवाजानं शिरलं. दारात बांगड्या खळखळल्या की त्यांचा दिवस सुधारतो.

दिवाळीच्या आधीच्या बाजारादिवशीची गोष्ट. दुपार कलली होती, पेशंट आटोपले होते, बाईंनी नुकताच चहाचा कप हातात घेतला होता. रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला आणि दार धाडकन उघडलं. गोजरबाई. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात एका कोवळ्या पोरीचं मनगट. पोरगी भेदरलेली, पोट पुढं आलेलं, मागं तिचा गोंधळलेला नवरा.

"कोण हो ही?" बाईंनी विचारलं.

"मले काय मालूम कोन हाय!" गोजरबाई धापा टाकत म्हणाली. "वांगे घेऊन राह्यली होती माह्या बाजूले. हात पुढं केला अन् आवाजच नाही. म्या म्हनलं चाल. इचा नवरा म्हनते, तुमी कोन? म्या म्हनलं, कोनी काऊन असेना, तू मांगून ये!"

शैलजाबाईंनी कप खाली ठेवला. पोरीचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"बस बाळा. काय काय होतंय, आधी सगळं सांग मला."

पोरगी आधी अडखळत आणि मग भडाभडा बोलत सुटली. डोकं जड राहतं, पाय सुजतात, सासरचे म्हणतात भरली. नवरा बाकावर बसून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. सगळं सांगून झाल्यावर बाईंनी पट्टा बांधला. गोजरबाई दाराशी पिशवी धरून उभी होती, श्वाससुद्धा न घेता. आकडा वर गेलेला होता, पण फार नाही. गोळ्या सुरू करायच्या, उद्याच खामगावला दाखवायचं, दोन दिवसांआड मोजायचं. वेळ होता. भरपूर वेळ होता.

बाईंनी त्या दोघांना सगळं नीट समजावलं, गोळी समोर घ्यायला लावली. मग मान वर केली.

"टाइमावर आनली ना म्या?" गोजरबाईनं विचारलं.

"अगदी वेळेवर आणलीत, गोजरबाई."

गोजरबाईनं पिशवी खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. जरा वेळानं, त्या पोरीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "आज घरी जाऊन दिवा लावतो अन् माह्या गीताले सांगतो."

शैलजाबाई उठल्या, आपला चहा तिच्या हातात दिला, आणि ती पिईपर्यंत तिच्याजवळ उभ्या राहिल्या.